बदामी दोऱ्यातली गुलाबी बटणं

डबा पोचला की आधी हे वाचा आणि मगच झाकण उघडा. पहिली सूचना: आतली बटणं धुऊ नका. कितीही धुळकट वाटली तरी नाही. कोरड्या मऊ फडक्याने पुसा आणि शिंगाच्या बटणांना वर्षातून एकदा खोबरेल तेलाचं बोट लावा, तेवढं पुरे. दुसरी सूचना: दोऱ्या कापू नका. या दोन्ही चुका मी एकाच दुपारी केल्या, तेही अगदी मन लावून. म्हणून हे लिहून ठेवते आहे.

डबा माझ्या आत्याचा. बिस्किटांचा, पत्र्याचा. झाकणावर कधीकाळी घोडागाडीचं चित्र होतं. घोडा पुसला गेला, गाडी तेवढी राहिली. आत्या गांधीबागेजवळ राहायची. कापडबाजार चार पावलांवर, त्यामुळे घरातल्या सगळ्यांचे कपडे ती स्वतःच शिवायची, आतोबांचे ऑफिसचे कोटसुद्धा. आतोबा म्हणजे तिचे यजमान, कचेरीतून निवृत्त झालेले. एकोणीसशे साठचं दशक सरत आलं असताना आत्या गेली. तेरावं झाल्यावर आतोबांनी हा डबा माझ्या हातात दिला.

"तुलेच द्याले सांगितला होता तिनं," ते म्हणाले. "म्हणे, पोरगी सगळं नीट ठेवते."

या एका वाक्याने सगळा घोटाळा केला. आम्ही तेव्हा रामदासपेठेत भाड्याच्या घरात राहत होतो: तुमचे आजोबा, माझ्या सासूबाई आणि मी. मी कॉलेजात इंग्रजी शिकवत होते. नाताळच्या सुट्टीत डबा उघडला तर आत शेवयांसारखा गुंता. रंगीबेरंगी दोऱ्यांत बटणं ओवलेली, कुठे सहा, कुठे पाच, एका दोरीत तर एकच. जवळजवळ प्रत्येक दोरीच्या टोकाला गाठी, कुठे एक, कुठे दोन, कुठे तीन. मला वाटलं, बिचारीला शेवटी शेवटी आवरायला झालं नसेल. नीट ठेवणारी पोरगी कात्री घेऊन बसली.

प्रत्येक दोरी गाठीच्या विरुद्ध टोकाला कापली आणि बटणं घमेल्यात सोडली. वर कढत पाणी आणि मूठभर धुण्याचा सोडा. तासाभराने ब्रशने घासून टॉवेलवर उन्हात पसरली. दोरे मात्र टाकले नाहीत. मी काहीच टाकत नसे. ते एका पाकिटात भरून वर इंग्रजीत लिहिलं, 'जुने दोरे, संकीर्ण'.

उन्हात वाळत असताना मी ती बटणं पहिल्यांदा नीट पाहिली. तोवर बटण म्हणजे माझ्या लेखी तुटल्यावरच आठवणारी वस्तू होती. शिंपल्याची बटणं सरळ पाहिली तर नुसती पांढरी. जरा कलती धरली की पारव्याच्या मानेवरचा हिरवा-गुलाबी रंग त्यांच्यावरून सरकत जायचा. मागच्या बाजूला शिंपल्याची खरखरीत तपकिरी साल तशीच राहिलेली. ती दाताला लावली की थंड लागतात आणि बारीक कचकचतात. खरी-खोटी ओळखायची ती रीत मी पुढे शिकले. काळी काचेची होती, तुरीच्या दाण्याएवढी, आणि एवढ्याशा जागेत आठ पाकळ्यांचं फूल कोरलेलं. ते पाहायला मी तुमच्या आजोबांचं भिंग आणलं. दोऱ्याने विणलेली होती, चाकाच्या आऱ्यांसारखी, ती आत्याच्याच हातची. माझ्या वडिलांच्या वडिलांची चांदीची साखळीची बटणं होती आणि साखळीच्या टोकाला तांदळाएवढा मोर. आणि सहा गुलाबी. आतून लाल निघणाऱ्या पेरूचा असतो तो रंग. जाड काठ, चार भोकं, गुळगुळीत. ती कशाची केलेली ते मला आजही सांगता येणार नाही आणि तेव्हा ती कुठून आली तेही कळेना. पण माझी नजर फिरून फिरून त्यांच्यावरच जात होती.

संध्याकाळपर्यंत बारा बरण्या भरल्या. रंग, आकार, भोकं अशा क्रमाने प्रत्येकीवर इंग्रजीत चिठ्ठी. कपाटातली ती ओळ पाहून मला फार समाधान वाटलं.

पुढच्या रविवारी आतोबा रिक्षाने आले. माकडटोपी, मफलर, हातात काठी. डाव्या डोळ्याने तेव्हा त्यांना फक्त दिवस आहे की रात्र एवढं कळायचं आणि उजव्यातही मोतीबिंदू पिकत आला होता. सासूबाईंनी चहा ठेवला.

"डॉक्टरनं उद्याचा सोडून पुढचा सोमवार देल्ला," ते म्हणाले. "उजवा डोळा. मंग आठ दिवस दोन्ही डोळ्यांवर पट्टी. डोक्याच्या इकून-तिकून वाळूच्या पिशव्या. हालाचं नाही, शिंकाचं नाही."

"भेव वाटते काय व्याहीबुवा?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही तं काय! अंधारात आठ दिवस करू काय मी? जपमाळ मले जमत नाही, आकडा चुकला की राग येते." मग माझ्याकडे तोंड करून म्हणाले, "म्हणून म्हटलं, तिच्या दोऱ्या घेऊन जाव. एकेक दोरी चाचपत पडलो की जातील आठ दिवस. आधी बदामी काढ वं. लग्नाच्या कोटाची."

मी कपाटापाशी गेले आणि बरण्यांसमोर उभी राहिले. काय झालंय ते मला तेव्हाही पुरतं कळलं नव्हतं. एवढंच कळलं की मागितलेली वस्तू माझ्याकडे नाही. दोन बरण्या आणून त्यांच्या हातात दिल्या. त्यांनी एक कानाशी नेऊन खुळखुळ वाजवली.

"हे काय वं? दुकान टाकलं काय?"

मी काय केलं ते सांगितलं. त्यांनी बरणी खाली ठेवली. मग शाळेतल्या मुलाला समजवावं तसं शांतपणे सांगू लागले. कपडा विरला आणि जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या भांडेवालीला द्यायची वेळ आली की आत्या आधी त्याची बटणं काढायची आणि वरपासून खालपर्यंत जशी होती त्याच क्रमाने ओवायची. दोऱ्याचा रंग कापडाचा. एक गाठ असली तर कपडा आतोबांचा, दोन गाठी असल्या तर तिचा स्वतःचा, तीन म्हणजे लेकरांचा. "कपडा जाते भांडेवालीच्या गाठोड्यात," ते म्हणाले, "दोरी राहते घरी."

चाळीस वर्षांचा संसार तिने असा ओवून ठेवला होता आणि तो मी आकारमानाप्रमाणे लावून टाकला होता.

"इंग्रजीत एम्ए झाली," सासूबाई म्हणाल्या, "अन् गाठी नाही दिसल्या वं तुले?"

"दिसल्या. मला वाटलं, गुंता आहे."

आतोबा रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चहा संपवला, कप चाचपत खाली ठेवला आणि म्हणाले, "राहू दे. डोळ्याचं पुढच्या थंडीत पाहू. एवढं काय अडलं?"

अडलं होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं की आणखी थांबलात तर हाही डोळा हातचा जाईल. उन्हाळ्यात डोळे करायला तेव्हा कोणी धजत नसे, म्हणजे आता नाही म्हटलं तर अख्खं वर्ष गेलं. भीती त्यांना आधीपासूनच होती. त्या अंधारात हातात धरायला त्यांनी एक गोष्ट शोधून ठेवली होती, ती मी काढून घेतली होती आणि सोबत माघार घ्यायला एक सबबही हातात दिली होती.

तेव्हा मला पाकीट आठवलं.

"आतोबा, दोरे आहेत! सगळे आहेत, गाठींसकट!"

"कचऱ्यालेही पाकीट करते," सासूबाई म्हणाल्या, "म्हणून वाचली आज."

चौतीस दोरे निघाले. आतोबांनी एकेकाचं टोक चाचपलं आणि मी रंग सांगितला. मग ते माकडटोपी चढवत म्हणाले, "उद्यापासून येतो. बटणं परातीत ओत. बोटं अजून आंधळी नाही झाली माही." पण जाता जाता रिक्षात बसल्यावर पुन्हा म्हणाले, "बदामी नाही लागली तं मी नाही जात, सांगून ठेवतो."

पुढचा आठवडाभर आमच्या अंगणात बाजेवर हा कारखाना चालला. मधे परात, एका बाजूला आतोबा, दुसऱ्या बाजूला सुई-दोरा घेऊन मी आणि उन्हात तांदूळ निवडायच्या निमित्ताने सासूबाई. आतोबा एक बटण उचलायचे, अंगठ्याखाली फिरवायचे, कधी ओठाला लावायचे.

"हे तिच्या जांभळ्या पोलक्याचं. हे पाह्य, काठाले टवका उडाला हाय. पाट्यावर आपटलं होतं."

आणि खरंच, जांभळ्या दोऱ्याला दोन गाठी होत्या.

"हे ऑफिसच्या काळ्या कोटाचं. यातलं एक मी साहेबाच्या खोलीत हरवलं. तं तिनं दुसरंच लावून देल्लं, सगळ्यात खाली. म्हणे, शेवटचं बटण कोण लावते?" मग आम्ही एक वेगळं बटण शोधायचो आणि ते सापडलं की खालच्या टोकाला ओवायचो.

"व्याहीबुवा," सासूबाई म्हणायच्या, "बोटांपेक्षा तोंडच जास्त चालून राहिलं तुमचं."

"तोंडाले पट्टी नाही बांधत ना डॉक्टर."

शनिवारपर्यंत एकोणीस दोऱ्या झाल्या. सगळ्या बरोबर होत्या असं मी म्हणणार नाही, पण बहुतेक होत्या. बदामी मात्र रिकामीच. परात चार वेळा धुंडाळली. आतोबांचं बोलणं कमी होत गेलं. रविवारी दुपारी ते मफलर गुंडाळू लागले तेव्हा मला वाटलं, संपलं. जाता जाता त्यांनी उगाच एकदा परातीत हात घातला आणि तो तिथेच थांबला.

"हे! हेच वं. जाड काठ, चार भोकं, कसं गुळगुळीत हाय. पाह्य, बोटाले कसं ओळखते!"

त्यांच्या तळहातावर गुलाबी बटण होतं.

मी सासूबाईंकडे पाहिलं. "आतोबा, कोट कोणत्या रंगाचा होता?"

"सांगितलं ना, बदामी."

"आणि बटणं?"

"तपकिरी. नवरदेवाच्या कोटाले आणखी कोणती लावतील?"

मी तोंड उघडलं आणि सासूबाईंनी माझ्या दंडाला असा चिमटा काढला की ते मिटलंच. "तपकिरीच हायेत," त्या मोठ्याने म्हणाल्या. "लई सुंदर हायेत. ओव वं लवकर, रिक्षावाला थांबला."

मी आयुष्यात कुठल्या उत्तरपत्रिकेवर अर्धा गुणही चुकीचा दिला नव्हता. त्या दुपारी मी सहा गुलाबी बटणं बदामी दोऱ्यात ओवली. पाकिटात उरलेल्या दोऱ्यांत एक गुलाबी होता आणि त्याला एकही गाठ नव्हती. ती बटणं त्याचीच, हे मला दिसत होतं. पाकीट बंद केलं. आतोबांचा चेहरा उजळला होता. सोमवारी सकाळी ते काठी टेकत स्वतःच्या पायांनी दवाखान्यात गेले.

ऑपरेशन चांगलं झालं. मी रोज कॉलेजातून परस्पर त्यांच्याकडे जायचे. दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या, डोक्याशी पिशव्या आणि छातीवर दोऱ्या. बदामी तर बोटांना गुंडाळलेली. शेजारच्या खाटेवरच्या गृहस्थांच्या डोळ्यांवरही पट्टी होती. आतोबा हात लांब करून त्यांना बटणं चाचपायला द्यायचे.

"माह्या लग्नाच्या कोटाची हायेत. अशी आता मिळत नाहीत."

"नाही मिळत," ते गृहस्थ चाचपून म्हणायचे. "मजबूत हायेत."

नर्सने एकदा त्या पेरूरंगी बटणांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी ओठांवर बोट ठेवलं.

घरी मात्र मला चैन नव्हतं. पट्टी कधीतरी निघणार होती. खरी बटणं असायलाच हवी होती. आत्याने काही टाकलं नसतं. परातीत उरलेली बटणं मी टेबलावर उपडी केली आणि मोठी तपकिरी वेगळी काढली. त्यांत सहा होती, जाड काठाची, चार भोकांची, अगदी गुलाबींच्याच मापाची. पण मळकट, कोरडी, वाळल्या लाकडासारखी खरखरीत. मी ती लाकडाचीच समजले होते. नखाने खरवडून पाहिलं तर आत वेगळाच रंग. खोबरेल तेल लावून फडक्याने चोळत बसले, दोन दिवस, येता-जाता. हळूहळू त्यांच्यात मधासारख्या रेषा उमटू लागल्या. शेवटी एक उन्हात धरलं तर काचेच्या पेल्यातल्या कडक चहासारखा त्यातून उजेड आला. शिंगाची होती ती. माझ्या सोड्याने त्यांची सगळी झिलई खाल्ली होती. आतोबांची बोटं चार वेळा त्यांच्यावरून गेली होती आणि खरखरीत लागली म्हणून पुढे सरकली होती.

ते झोपले असताना दोरी बदलावी असंही एकदा मनात आलं. पण ती बोटांना गुंडाळूनच ते झोपायचे.

चष्मा मिळायला दीड महिना गेला. मग एका सकाळी आतोबा आले. फाटकापासून दारापर्यंत यायला त्यांना दहा मिनिटं लागली, कारण ते प्रत्येक कुंडीपाशी थांबत होते. जाड भिंगांमागे त्यांचा डोळा लिंबाएवढा दिसत होता. मला वरून खालपर्यंत पाहून म्हणाले, "वाळली वं तू. अन् हे घर पिवळं हाय काय? मी पांढरं समजत होतो."

मग त्यांनी खिशातून दोऱ्यांची पुरचुंडी काढून टेबलावर ठेवली. "घे. ठेव आता डब्यात. घरी मी पाहिल्या नाहीत. म्हटलं, तुह्यासमोरच पाहाव."

सासूबाईंना एकदम दूध उतू जाईल असं वाटलं आणि त्या आत गेल्या. मी शिंगाची बटणं बशीत तयार ठेवली होती आणि काय बोलायचं तेही रात्रीच ठरवलं होतं. पण त्याआधीच आतोबांनी पुरचुंडी सोडली.

"हे गुलाबी काय हाय?"

मी सगळं सांगितलं, क्रमाने. बटणं धुतली ते, शिंग खराब झालं ते, रविवारी मला रंग दिसत होता ते, गुलाबी दोरा पाकिटातच ठेवला ते. सासूबाईंचा चिमटा मात्र वगळला. ते बटणं भिंगाजवळ नेऊन पाहत होते. मग त्यांचे खांदे हलू लागले. मी घाबरले, नव्या डोळ्याला रडणं चालतं की नाही कोणास ठाऊक. पण ते हसत होते.

"अवं, हा तं मेमसाहेबाचा झगा!"

सासूबाई दूध सोडून बाहेर आल्या.

इंग्रज जायला निघाले तेव्हा सिव्हिल लाइन्समधल्या बंगल्यांतलं सामान विकायला निघालं होतं. आतोबा टेबल घ्यायला गेले, सोबत आत्या. टेबल महाग निघालं. आत्याने मात्र एक जुना झगा घेतला, नुसत्या बटणांसाठी. परतताना टांग्यात आतोबा सारखे बोलत होते: सहा बटणांसाठी आख्खा झगा? घालणार हाय काय तू?

"मंग काय म्हणाली ती?" सासूबाईंनी विचारलं.

"म्हणे, पाहाले घेतली. सगळंच काय घालाले लागते?" आतोबांनी चष्मा वर सरकवला. "झग्याच्या उशा शिवल्या तिनं. मी दोन दिवस बोललो नाही तिच्याशी. मंग तिनं ही बटणं मले पुन्हा कधी दाखवलीच नाही. अन् आठ दिवस मी हीच कुरवाळत पडलो होतो. सारा वॉर्ड पाहून राहिला होता!"

"ती वरून पाहत असंल," सासूबाई म्हणाल्या. "हसून हसून पडली असंल."

आतोबा उठून खिडकीपाशी गेले आणि दोरी उन्हात धरली. बराच वेळ धरून होते. गुलाबी रंग त्यांच्या बोटांवर उतरला होता.

"चांगली हायेत पण," ते म्हणाले. "तवा मी नीट पाहिलीच नव्हती."

शिंगाची बटणंही त्यांनी पाहिली, तेलाचा वास घेतला, बरी उजळली म्हणाले. मी सुई घेतली आणि बदामी दोरा सोडायला लागले, तर त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"ते सोडू नको. तिची राहू दे माह्या दोऱ्यात. माह्या कोटाची त्या गुलाबी दोऱ्यात ओव."

"पण त्याला गाठ नाही, आतोबा."

"एक मार."

गाठ मीच मारली. म्हणून आता डब्यात एक बदामी दोरी आहे तिच्यात गुलाबी बटणं आहेत आणि एक गुलाबी दोरी आहे तिच्यात शिंगाची. तुमच्यापैकी जो कोणी माझ्यावर गेला असेल त्याचे हात शिवशिवतील, हे मला माहीत आहे. ती चूक तिथे मुद्दाम ठेवलेली आहे, दुरुस्त करू नका. त्या दोन दोऱ्या सकाळच्या उन्हात खिडकीशी धरा. घालायची नाहीत, पाहायची आहेत.